शांततेचं ओझं

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: जिथे जाल तिथले नियम पाळा. देवळात चप्पल बाहेर काढा, गावात मोठ्याने गाणी लावू नका, फोटो काढण्याआधी विचारा. हा सल्ला चांगलाच आहे. पण गेल्या काही वर्षांत मला तो अपुरा वाटायला लागलाय. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. स्थानिक नियम म्हणजे पाहुण्याला थोडा त्रास आणि गावाला थोडा फायदा, असं आपण धरून चालतो. याच्या बरोबर उलट असेल तर? नियमाचा आनंद पाहुण्याला आणि भार गावातल्याच कुणाला तरी, असं असेल तर?

माथेरानचं उदाहरण घेऊ. मुंबई-पुण्याच्या कुणालाही ते नवं नाही. माथेरानमध्ये मोटार चालत नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने जायचं; पूर्वी हातरिक्षाही असायच्या. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, हॉर्न नाही, धूर नाही. इथल्या जुन्या बंगल्यांपैकी काहींची आता हॉटेलं झालीत. अशा एखाद्या बंगल्याच्या व्हरांड्यात सकाळी चहा घेऊन बसलं की आपल्या शहरातल्या कानांना केवढी सवय झालीय, ते कळतं. दर वीकेंडला या शांततेच्या कितीतरी रील्स निघतात, आणि त्यातल्या बहुतेक खऱ्याच असतात. शांतता तिथे खरोखर आहे.

पण ती आपोआप तयार होत नाही. मोटार नाही, याचा अर्थ वजन नाही असा होत नाही. हॉटेलातला गॅस सिलिंडर, बाटलीबंद पाण्याचे खोके, सिमेंटच्या गोण्या, तांदूळ, भाजी, गाद्या, आपल्या चाकांच्या सुटकेसेस, हे सगळं डोंगरावर पोचतंच. कायद्याने इंजिन काढून टाकलं, ओझं काढलं नाही. ते घोड्याच्या पाठीवर गेलं, हमालाच्या डोक्यावर गेलं आणि हातगाडी-हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या हातात गेलं. हातरिक्षात एक माणूस बसायचा. एक जण पुढून ओढायचा आणि चढ आला की मागून आणखी दोघे ढकलायचे.

थोडा इतिहास सांगतो. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानचा ‘शोध’ लावला, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. या डोंगरांत धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होतेच. शोध हा शब्द वरून पाहणाऱ्याचा. पुढे इंग्रज साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं आणि वाहनबंदीला कायद्याचं भक्कम कवच मिळालं. जंगलाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. नाहीतर आज तिथे काय झालं असतं, हे कळायला लोणावळ्याची रविवारची संध्याकाळ आठवली तरी पुरे.

म्हणजे नियम वाईट नाही. मग अडतं कुठे?

एकदा आम्ही चौघं मित्र दस्तुरी नाक्यावर उतरलो. हातरिक्षावाल्यांनी विचारलं. आमच्यातला एक जण ठामपणे म्हणाला, “माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही.” त्यावर वयाने आमच्या वडिलांच्या जवळपास असलेले एक काका शांतपणे म्हणाले, “नका बसू दादा. पण मग सामान तरी द्या.” मित्राने सामान दिलं. ते डोक्यावर घेऊन ते आमच्या पुढे चालायला लागले, आणि मित्र पुढचा सगळा रस्ता गप्प होता.

त्या गप्प बसण्यात मला खरा नैतिक पेच दिसतो. हातरिक्षात बसलो, तर माणसाला जनावरासारखं जुंपल्याची टोचणी. न बसलो, तर त्याची आजची मजुरी गेली. आपण म्हणतो, त्याला रोजगार मिळतो ना, तो स्वतःच्या मर्जीने करतो ना. पण ज्याच्यापुढे हे काम किंवा रिकामा हात एवढेच पर्याय आहेत, त्याच्या मर्जीला मर्जी म्हणायचं का? आणि दुसरीकडे, माझं मन स्वच्छ राहावं म्हणून त्याने उपाशी राहावं, ही तरी कुठली नीती?

तिसरा मार्ग असा वाटतो की पाठीवर स्वतःची सॅक घ्यावी, चालत जावं, कुणालाच त्रास नको. मी तेच करतो. पण त्याने मी मोकळा होतो असं मला वाटत नाही. वर गेल्यावर ज्या पाण्याने अंघोळ केली त्याच्या टाकीचं सिमेंट, ज्या गॅसवर माझं ऑम्लेट झालं तो सिलिंडर, सगळं कुणीतरी वाहिलेलंच आहे. मी फक्त ते वाहताना पाहिलं नाही. हातरिक्षात निदान ओझं आणि ओढणारा एकमेकांसमोर असायचे. हॉटेलच्या बिलात ते दिसेनासं होतं.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये कायमच्या शांततेविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो एक उपयोगी फरक करतो. परक्याला कुठेही भेट द्यायचा हक्क आहे, पण पाहुणा म्हणून राहायचा हक्क नाही. तो यजमानांनी दिला तरच मिळतो. परका शांतपणे वागत असेल तोवर त्याला शत्रू मानू नये, इतकंच. दूरदेशी जाऊन तिथल्या माणसांना जमेसच न धरणाऱ्या युरोपीय सत्ता त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. आपल्याकडे अतिथी शब्दाचा रूढ अर्थ ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आपण मात्र चेक-इन आणि चेक-आउटच्या तारखा टाकून, आगाऊ पैसे भरून जातो. आपण अतिथी नसतो, गिऱ्हाईक असतो. आणि गिऱ्हाइकाकडे एक वाक्य कायम तयार असतं: पैसे दिलेत ना! कांटचा पाहुणा किमान दारात थांबून विचारतो. गिऱ्हाइकाला विचारायची गरजच वाटत नाही.

आता इतर ठिकाणचे नियम पाहू. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा असते, बुकिंग करून जावं लागतं. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं, इतर देशांच्या बहुतेक पर्यटकांना त्याहून कितीतरी जास्त. या नियमांवर सोशल मीडियावर भरपूर कुरकुर असते. पण तिथे भार कुणावर आहे? माझ्यावर. मी रांग लावतो, मी पैसे भरतो, मला तारीख मिळत नाही. फायदा पठारावरच्या फुलांचा किंवा त्या देशाचा. असे नियम निमूट पाळावेत, त्यात विचार करण्यासारखं फार नाही.

हिमाचलमधल्या मलाणा गावाची गोष्ट जरा अवघड. बाहेरच्या माणसाने तिथल्या देवळांना, घरांना आणि माणसांनाही हात लावायचा नाही. लावला तर दंड. दुकानदार वस्तू खाली ठेवतो, आपण उचलायची. पैसे तसेच ठेवायचे. प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये हे ‘भन्नाट’ म्हणून दाखवतात. पण मराठी माणसाला स्पर्श हा शब्द इतका हलका नाही. माथेरान ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात महाड आहे. तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तेव्हा विरोध करणारे लोकही इथली रूढी हेच कारण देत होते. मलाण्यात दोन तास पर्यटकाला बाजूला उभं राहावं लागणं आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्याला पाणी नाकारणं या एकच गोष्टी नव्हेत. पर्यटक तर परतून जाणार असतो. पण एवढं मात्र कळतं की ‘स्थानिक’ असणं हे कुठल्याही नियमाचं पुरेसं समर्थन नाही. महाडला तळ्यावर अडवणारेही स्थानिक होते आणि अडवले गेलेलेही.

म्हणून स्थानिकांचा आदर करा असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या स्थानिकांचा? माथेरानमध्येच पाहा. ई-रिक्षांची चर्चा सुरू झाली तेव्हा घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा हवी होती, कारण त्यांची छाती आणि गुडघे त्यावर आहेत. शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना, म्हाताऱ्यांना, दवाखान्यात जाणाऱ्या बाईला ती हवी होती. ही सगळी माणसं स्थानिकच. चार-साडेचार हजारांच्या गावातसुद्धा ‘गावाचं म्हणणं’ नावाची एकच गोष्ट नसते.

आणि या वादात सगळ्यात निवांत आवाज आपला होता. ई-रिक्षा आल्या तर माथेरानचा चार्म जाईल, असं म्हणणारे बहुतेक जण रविवारी संध्याकाळी खाली उतरून आपापल्या गाडीत बसणार होते. वाहनबंदी आपल्यासाठी दोन दिवसांचा अनुभव असते. जो तिथे राहतो त्याच्यासाठी ती बारा महिन्यांची परिस्थिती असते. गुडघे दुखणाऱ्या आजीला पावसाळ्यात लाल चिखलातून चालत जायला अनुभव म्हणता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायची रिक्षा ही प्रथाच अमानवी ठरवली आणि माथेरानमधली ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. गावात ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. ते ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, ई-रिक्षा देताना त्यांचा विचार करा, असंही न्यायालय म्हणालं. मला या आदेशातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वाहनबंदी रद्द करून डोंगर गाड्यांना मोकळा करा, असं त्यात नाही. जंगल वाचवायचं की माणूस, अशी निवड करायची गरजच नव्हती. ती आहे असं आपण इतकी वर्षं मानत आलो, कारण तसं मानणं आपल्या सोयीचं होतं.

मी प्रवासाच्या नियमांकडे आता अशा पद्धतीने पाहतो. नियमाचा भार माझ्यावर असेल, तर तो पाळायचा आणि तक्रार करायची नाही. नियम ज्यांनी केला त्यांच्यावरच भार असेल आणि तो बदलायची ताकदही त्यांच्याकडे असेल, तर तो त्यांचा प्रश्न. मी तोंड घालू नये. पण भार अशा कुणावर असेल ज्याला नियम करताना विचारलंच नाही, आणि फायदा माझा असेल, तर मी त्याला संस्कृतीचा आदर वगैरे म्हणू नये. नियम तेव्हाही मी मोडणार नाही. फक्त तो बदलावा असं तिथली माणसं म्हणतील, तेव्हा माझ्या आठवणीतलं सुंदर गाव त्यांच्या आड आणणार नाही.

हे सगळं वीकेंडच्या ट्रिपसाठी जड वाटेल. रूम शोधताना अॅपवर व्ह्यू, पार्किंग, नाश्ता, पाळीव प्राणी चालतात का, असे सगळे फिल्टर असतात. पाणी वर कोण आणतं याचा फिल्टर नसतो. तो आपल्यालाच मालकांना फोन करून विचारावा लागतो: सामान कोण आणतं, त्यांना किती मिळतात, ते आमच्या बिलातून त्यांच्यापर्यंत जातात का? मी अलीकडे विचारतो. काही मालक चिडतात, काही विषय बदलतात. एकाने मात्र पाच मिनिटं बोलून सगळा हिशेब सांगितला. पुढच्या वेळी मी तिथेच जाणार आहे, आणि सॅकमध्ये दोन पुस्तकं कमी नेणार आहे.