सुरू होतं, पण टिकत नाही

गाडी मुळीच सुरू होत नसेल तर माणूस निमूटपणे मेकॅनिकला बोलावतो. ती सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर मात्र बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहतो. खरं तर या दुसऱ्या गाडीने पुष्कळ काही सांगून टाकलेलं असतं. इंजिनाने पेट घेतला, म्हणजे ठिणगी पडली, सिलिंडरमध्ये दाब तयार झाला, पेट्रोल कुठून तरी पोचलं. मग सुरू होताना जे होतं ते क्षणभरात गेलं कुठे?

सुरू होणं आणि चालू राहणं ही इंजिनाची दोन निराळी कामं आहेत. मोटारीचं इंजिन स्लोवर मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतं. सेल्फ त्याला जेमतेम २००-२५० फेऱ्यांनी फिरवू शकतो. धातू गार असतो, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. एरवी १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड इंजिनाला मात्र त्याहून बरंच जास्त पेट्रोल पाजावं लागतं. म्हणजे फिरवणारा सेल्फ, वाढीव पेट्रोल, आधीपासून साठलेलं इंधन अशा उसन्या बळावर इंजिन उभं राहतं. ही मदत एकदम जात नाही. एकेक आधार आपापल्या वेळी काढून घेतला जातो, आणि ज्याच्या जागी इंजिनाचं स्वतःचं काही उभं राहत नाही, तो सुटला की इंजिन बंद पडतं. म्हणून ते किती वेळाने आणि नेमकं काय घडल्यावर थांबलं, हे आधी पाहावं. प्लग, फिल्टर, पंप एकामागून एक बदलत बसण्यात लोकांचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्लॅटिन पॉइंटवाल्या काही जुन्या मोटारींमध्ये सेल्फ फिरत असताना कॉइलला बॅटरीचा पूर्ण प्रवाह थेट मिळे आणि किल्ली सोडल्यावर तो एका रेझिस्टरमधून जाई. तो रेझिस्टर जळला की किल्ली सोडताक्षणी इंजिन गप्प. आजच्या मोटारीत एक-दोन सेकंदांत असं झालं आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर किल्लीतली चिप गाडीने ओळखलेली नाही. तिथे पाना हातात घेण्याचं कारणच नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप सुमारे दोन सेकंद घुमतो, पाइपमध्ये दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरू लागल्यावर त्याने पुन्हा चालू व्हायला हवं. रिले बिघडल्यामुळे तो झाला नाही, तर साठलेल्या दाबावर इंजिन काही क्षण चालतं आणि विझतं. पण थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असली तरीही गाडी अशीच विझते. स्लोवर चालताना इंजिनाला अगदी थोडी हवा लागते, आणि तिची वाट त्या काजळीने अरुंद झालेली असते. दोन्ही दोष वरून सारखे दिसतात. इथे पाय कामाला येतो. बंद पडण्याच्या बेतात असताना ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा. इंजिन सावरलं आणि पाय उचलल्यावर पुन्हा बसलं, तर हवेची वाट साफ करावी. दाबल्यावर उलट लवकर मेलं, तर पेट्रोलचा दाब मोजावा, कारण मागणी वाढवल्यावर शिल्लक आणखी झपाट्याने संपली. (हे सगळं उघड्यावर करावं. बंद गॅरेजात चालतं इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो.)

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास गेला. रस्त्यावर मात्र त्याच्या गाड्या अजून भरपूर आहेत. चोकवर चालते आणि चोक काढला की बंद होते, असं झालं तर पायलट जेट पाहावं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत आटलेल्या पेट्रोलचा चिकटा त्याला पुरतो. इनटेकच्या रबराला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असली तरी लक्षण हेच.

गाडी थोडं अंतर धावून मग थांबत असेल तर विचार टाकीकडे न्यावा. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. कॉक बंद असतानाही गाडी एखादा किलोमीटर जाते ती त्यावरच. वाटी रिकामी होते आणि वरून भरत नाही, तेव्हा कॉकची जाळी तुंबलेली असेल किंवा टाकीचं झाकण. झाकणाचं कुणाच्या ध्यानात येत नाही. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि तिची वाट झाकणातल्या एका बारीक छिद्रातून असते. ते धुळीने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. गंमत अशी, की गाडी थांबल्यावर माणूस पहिल्यांदा झाकण उघडून पेट्रोल आहे का ते पाहतो. हवा आत जाते, गाडी सुरू होते, आणि दोष सापडायच्या आधीच नाहीसा होतो. म्हणून झाकण उघडताना कान द्यावा: ‘सुस्स’ असा आवाज आला तर कार्ब्युरेटर खोलू नये.

डिझेलमध्ये ठिणगीचा प्रश्नच नसतो. तिथे पहिला संशय हवेचा. विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की लाइन एअर धरते. पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन धडधडतं, मागून बुडबुडा आला की बसतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हातपंप मारावा लागतो. पण एअर काढूनही दुसऱ्या दिवशी तेच झालं तर कुठलं तरी वॉशर किंवा नळी हवा ओढते आहे.

सगळ्यांत छळतो तो तापल्यावर येणारा दोष. कॉइल किंवा क्रँक सेन्सर गार असताना चोख काम करतो, गरम झाला की आतली जोडणी तुटते आणि इंजिन एकदम थांबतं. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा सुरू होते, गॅरेजात ठणठणीत चालते आणि मालकावरच कुणाचा विश्वास बसत नाही. ही तपासणी गाडी गरम असतानाच, बंद पडल्या जागी व्हायला हवी. तेव्हा ठिणगी पडत नसेल आणि गार झाल्यावर पडत असेल, तर पेट्रोलच्या वाटेला हात लावू नये.