पालकावरचा पालक

काही महिन्यांपूर्वी एका बालगृहात मुलांना कायद्याच्या चार गोष्टी सांगावयास आम्ही गेलो होतो. बोलणे संपल्यावर सतरा वर्षांचा एक मुलगा मागे थांबला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, अठरा पुरी झाल्यावर मी कुठे जायचे, हे कोणाला विचारायचे?” आपण कोणाला विचारावे, हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याचा प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

ज्याला कोणी नाही त्याचे मायबाप सरकार, असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणण्यात दया पुष्कळ आहे. परंतु पालकत्व ही दया मानावयाची की ऋण? दाता देईल ते घ्यावे लागते. ऋणकोकडे मात्र हिशेब मागता येतो.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता पुढे गोमंतकात लागू झाली. तिच्यातील पालकत्वाची व्यवस्था आमच्या तेथील वाचकांपैकी काहींच्या ऐकिवात असेल. पोरक्या मुलास ‘तुतोर’, म्हणजे पालक, तर मिळेच. पण त्या तुतोरावर नजर ठेवावयास ‘प्रोतुतोर’, शिवाय कुटुंबपरिषद, आणि जोडीला ‘कुरादोर’. सख्ख्या काकावरही त्या संहितेने डोळे झाकून विश्वास टाकला नाही. बेळगावकडील वाचकांच्या परिचयाचा १८९० चा पालक व पाल्य कायदा घेतला, तरी त्याखाली न्यायालय मिळकतीच्या पालकाकडून हिशेब मागवू शकते, कसूर झाल्यास त्याला दूर करू शकते. हा पहारा बव्हंशी मिळकतीपायी होता, हे उघड आहे. ज्याच्या नावावर चार माडही नाहीत, त्याच्यासाठी एवढी यातायात कोण करणार?

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने या निष्कांचन मुलाकडे पाहिले, हे मान्य केले पाहिजे. निराधार आढळलेल्या मुलास चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेणे, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानणे, प्रत्येकाची स्वतंत्र संगोपन-योजना, तपासणी समितीची तीन महिन्यांतून निदान एक भेट, सहा वा अधिक मुले असतील तेथे मुलांचीच समिती : कागदावर प्रोतुतोरांची वाण नाही. तथापि तपासणीस येणारा माणूस मोजता येईल तेच पाहतो. खाटा, भांडी, धान्याची नोंदवही. मुलाची धाकटी बहीण दुसऱ्या संस्थेत असेल, तर दोघांची भेट शेवटची केव्हा झाली, याला आम्ही पाहिलेल्या नोंदींत रकाना नव्हता. अधीक्षकांना आम्ही दोष देत नाही. बिचाऱ्यांचा निम्मा दिवस त्याच नोंदी भरण्यात जातो.

आमच्या मते खरी मेख कलम ४६ मध्ये आहे. अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्या मुलास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, असे ते म्हणते. ‘दिले पाहिजे’ असे म्हणत नाही. मिळकतीचा पालक पाल्य सज्ञान झाल्यावर टाळाटाळ करू लागला, तर न्यायालय त्याला मिळकत आणि हिशेब स्वाधीन करावयास लावते. येथे स्वाधीन करावयाचे ते मुलाचे पुढचे आयुष्य, आणि क्रियापद मात्र ऐच्छिक! अठराव्या वाढदिवशी मुलाला उंबरठ्याबाहेर काढणाऱ्या बापाला शेजारीपाजारी काय म्हणतील, हे सांगावयास नको. राज्याला शेजारी नसतात.

साहाय्य सक्तीचे केल्यास खजिन्यावर भार पडेल, असा आक्षेप आमच्या एका वकीलमित्राने घेतला. भार पडेलच. परंतु पैसा नाही ही सबब बापाच्या तोंडी शोभत नाही, असे पोटगीच्या दाव्यांत हेच गृहस्थ प्रतिपक्षास मोठ्या आवेशाने ऐकवीत असतात.

त्या मुलास आम्ही बालकल्याण समितीच्या नावे अर्ज लिहून देऊ केला. त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला. म्हणाला, “मी लिहितो, तुम्ही फक्त चुका काढा.” अर्ज दीड पानाचा झाला. साहाय्याची मागणी शेवटच्या दोन ओळींत होती. त्याआधी बहिणीचे नाव चार वेळा आले होते.