मराठीचा कळफलक कोण शिकवणार?

नव्या संगणकावर मराठी सुरू करणे आता अगदी सोपे झाले आहे. सेटिंगमध्ये जाऊन भाषा निवडली की काम झाले. खरी अडचण त्यानंतर येते. कळांवर रोमन अक्षरे छापलेली असतात. 'के' दाबल्यावर क उमटतो, म्हणून हुरूप येतो. पण 'एम' दाबला की स येतो, 'एस' दाबला की मात्रा येते आणि 'डी' दाबला की आधीच्या अक्षराचा पाय मोडतो. नवखा माणूस गांगरतो, ही मांडणी कोणीतरी मनाला येईल तशी केली आहे असे धरून चालतो आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी एखादी सोय शोधतो. बहुतेकांचा प्रवास तिथेच थांबतो. मराठीत शिकलेली, मराठीत वाचणारी माणसेही मग आयुष्यभर रोमनच्या दारातून मराठीत येत राहतात.

या गोंधळाला इतिहास आहे. एकाच कळफलकावर आज मराठीच्या निदान तीन वेगळ्या रीती नांदतात आणि प्रत्येकीमागे एकेक काळ उभा आहे.

पहिली रीत टंकलेखन यंत्राची. हे यंत्र कागदावर आकार उठवत असे, त्यामुळे डोळ्यांना जे आधी दिसते ते आधी टंकायचे. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी, क नंतर. अर्ध्या त ला काना जोडला की पूर्ण त. रेमिंग्टन या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी हजारो कारकुनांच्या बोटांत मुरली होती. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्या प्रमाणपत्रावर कित्येक घरे उभी राहिली. संगणक आले तेव्हा ही सवय मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. दिसायला मराठी, पण यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हेच. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा अगम्य काला व्हायचा.

दुसरी रीत इन्स्क्रिप्टची. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी प्रमाण ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४ या मानकात आली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत वाढलेले काम तिच्या पाठीशी होते. विंडोजमध्ये मराठी निवडल्यावर मुळात समोर येते ती हीच. तिसरी रीत रोमन लिप्यंतराची: 'पी-ए-एन-आय' टंकायचे आणि 'पाणी' उमटण्याची वाट पाहायची.

यांतली दुसरी रीत सर्वांत चक्रावणारी वाटते, आणि शास्त्र सर्वांत जास्त तिच्यातच आहे. कळांवरची रोमन अक्षरे क्षणभर विसरावीत आणि उजव्या हाताखाली पाहावे. मधल्या ओळीत 'एच' या कळेवर प आहे. र ची एक कळ सोडून पुढे ओळीने क, त, च, ट. यांच्या अगदी वरच्या ओळीत, त्याच क्रमाने, ब, ग, द, ज, ड. म्हणजे प च्या डोक्यावर ब, क च्या डोक्यावर ग, त च्या डोक्यावर द. कठोर व्यंजने खाली, मृदू व्यंजने वर. आता शिफ्ट धरावी: प चा फ होतो, क चा ख, ग चा घ, द चा ध. अल्पप्राणाचा महाप्राण करण्याचे काम सगळीकडे ती एकच कळ करते.

डाव्या हाताखाली स्वर आहेत. मधल्या ओळीत ओ, ए, अ, इ, उ. वरच्या ओळीत औ, ऐ, आ, ई, ऊ. अ, इ, उ या ऱ्हस्वांच्या डोक्यावर त्यांचे दीर्घ, ओ-ए यांच्या डोक्यावर औ-ऐ. कळ नुसती दाबली तर काना, मात्रा, वेलांटी. शिफ्ट धरून दाबली तर सुटा स्वर. अ ला स्वतःचे चिन्ह नाही, कारण तो प्रत्येक व्यंजनात असतोच; म्हणून त्याच्या कळेवर, शिफ्ट न धरता, तो अ काढून घेणारी पायमोडणी आहे. पाणिनीपासून चालत आलेला वर्णविचार ज्या नेटकेपणाने इथे दोन ओळींत बसवला आहे, तो पाहून मला आजही या मांडणीच्या कर्त्यांविषयी आदर वाटतो. पहिलीत वर्णमाला पाठ केलेल्या कोणाही माणसाला ही मांडणी निम्मीअधिक येतच असते. फक्त तसे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागू आहे, हे तिचे दुसरे मोठेपण. मराठीत ज्या कळेवर क आहे त्याच कळेवर गुजरातीचा, कन्नडचा, तेलुगूचा आणि बंगालीचा क आहे. बेळगावात मराठी आणि कन्नड, सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा भाषा एकाच गल्लीत नांदतात. तिथल्या मुलाने एकदा बोटे बसवली की लिपी बदलली तरी बोटांचे शिक्षण वाया जात नाही. गोव्यात देवनागरी कोकणी लिहिणाऱ्यालाही वेगळे काही शिकावे लागत नाही. परदेशातल्या मराठी माणसालाही याचा उपयोग आहे. जर्मन कीबोर्डवर 'वाय' आणि 'झेड' यांच्या जागा उलट्या असतात, फ्रेंच कीबोर्डवर आणखी बदल. इन्स्क्रिप्ट छापील अक्षर पाहत नाही, कळेची जागा पाहते. कळेवर काहीही छापलेले असो, ब आपल्या जागीच सापडतो.

लिप्यंतराचे उपकार मी नाकारत नाही. ज्यांनी शाळा सुटल्यापासून मराठीत चार ओळी लिहिल्या नव्हत्या, अशा असंख्य लोकांना त्याने पुन्हा लिहिते केले. पण त्याची किंमतही आहे. रोमन लिपीत न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष यांचे भेद उघड दिसत नाहीत. 'बी-ए-एल' टंकल्यावर बाळ, बाल, बळ, बल असे पर्याय समोर येतात आणि आपण त्यांतला एक उचलतो. लिहिण्याची क्रिया अशी हळूहळू निवडण्याची होऊन बसते. यादीत नसलेला शब्द मागे पडतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलीतला शब्द लिहायला बसावे, तर यंत्र त्याच्या ओळखीचा प्रमाण शब्द पुढे करते. आपला शब्द लिहिण्यासाठी यंत्राशी झगडावे लागले की दहातले आठ जण झगडत नाहीत. बोलींची हानी अशी न बोलता होते.

एक उदाहरण जवळून पाहू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. मराठीचा हा अर्धा र कळफलकावर अनेकांना सापडतच नाही, म्हणून छापील आणि संगणकीय मजकुरात 'दुसर्या', 'येणार्या' अशी रूपे सर्रास दिसतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्याची वाट सरळ आहे: शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग पायमोडणी, मग य. युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक मानकाने हीच वाट मुख्य मानली आहे. पण जुन्या काळाशी जुळते घ्यावे म्हणून साधा र, पायमोडणी आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी दुसरी वाटही चालू ठेवली आहे. दोन्हींतून डोळ्यांना दिसते तेच एक अक्षर, पण यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या मालिका आहेत.

हा भेद केवळ व्याकरण्यांनी चिंता करावी असा नाही. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आडनावे घ्या. एका नोंदीत आडनाव एका वाटेने टंकले गेले आणि दुसऱ्या नोंदीत दुसऱ्या, तर अक्षर न् अक्षर जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी माणसे वाटतील. ॲ चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली. त्याआधी कोणी हिंदीचा ऍ वापरला, कोणी अ वर चंद्र ठेवून काम भागवले. 'ॲड.' हा वकिलांच्या नावाआधीचा साधा संक्षेप, तोही मराठीत निदान तीन प्रकारे साठवलेला सापडतो. जमिनीचे उतारे, मतदारयाद्या, ग्रंथालयांच्या सूची ज्या काळात संगणकावर शोधल्या जातात, त्या काळात आपण काय टंकले हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे.

इन्स्क्रिप्टमध्ये दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विंडोजच्या मराठी मांडणीत प्रश्नचिन्हाच्या जागी य ची कळ आहे, अवतरणचिन्हांच्या जागी ट आणि ठ, उद्गारचिन्हाच्या जागी ऍ. साधा प्रश्न लिहायचा तरी क्षणभर इंग्रजीत जाऊन परत यावे लागते. मराठी गद्य विरामचिन्हांशिवाय चालत नाही, मग ज्या मांडणीत ती हाताशी नाहीत ती लेखकाला परकी वाटणारच. दोन्ही लिप्यांची अक्षरे छापलेला कीबोर्ड दुकानात मागितला तर सहसा मिळत नाही. १९८६ नंतर भाषेच्या गरजा बदलल्या. मानकाची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये आली, पण ती सामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोचवण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. मांडणी ठरवणे हे सरकारचे अर्धेच काम; ती लोकांच्या हातात बसवणे हे उरलेले अर्धे.

आता बोलून लिहिता येते, मग कळांचा आग्रह कशाला, असा प्रश्न रास्त आहे. ज्यांची नजर अधू आहे, ज्यांची बोटे चालत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण लेखन म्हणजे केवळ बोललेले उतरवणे नव्हे. वाक्य मोडून पुन्हा जोडावे लागते, अनुस्वार तपासावा लागतो, आडनाव अचूक लिहावे लागते. कचेरीत चार माणसांत बसून गोपनीय टिपण मोठ्याने सांगता येत नाही. शेवटी हात कळफलकावर येतोच, आणि तिथे मराठी येत नसेल तर तो इंग्रजीकडे वळतो. अर्ज, अहवाल, ईमेल यांत मराठी मागे पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. इच्छा असते, बोटे तयार नसतात.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दोन्ही निर्णयांना रोजच्या व्यवहारात अर्थ यायचा असेल, तर मराठी लिहिता येणे म्हणजे वहीवर आणि कळफलकावर, दोन्हीकडे लिहिता येणे, अशी व्याख्या करावी लागेल. पाचवी-सहावीच्या संगणकाच्या तासाला मुलांना इंग्रजीची मांडणी शिकवतात, तशीच मराठीचीही शिकवावी, आणि मराठीच्या शिक्षकांनी ती वर्णमालेच्या पाठाला जोडून घ्यावी. शासनाने आपल्या खरेदीत देवनागरी छापलेल्या कीबोर्डची अट घालावी. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची सोय बंधनकारक झाली. संगणकाच्या बाबतीतही असा आग्रह धरता येईल. प्रश्नचिन्हासारख्या उणिवा तज्ज्ञांनी बसून दूर कराव्यात आणि मग सगळ्या यंत्रांवर एकच मांडणी असावी.

तोवर प्रत्येकाने आपल्यापुरती सुरुवात करावी. संगणकावरचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, भाषा मराठी करा, शिफ्ट दाबून आणि सोडून अक्षरे कशी बदलतात ते पाहा. आधी क ख ग घ, मग त थ द ध, मग बाराखडी अशा क्रमाने जा. रोज दहा-पंधरा मिनिटे आपले नाव, गावाचे नाव, घरच्यांची नावे टंकत राहा. आपली भाषा संगणकावर कोणत्या लिपीतून लिहायची, हा निर्णय आज आपल्या वतीने सवय घेत आहे. तो आपण समजून-उमजून घेतला पाहिजे.