एका नाण्याचा भार

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याचं एक खोल कुंड आहे. वर पसरट, खाली निमुळतं. मॉर्निंग ग्लोरीच्या फुलासारखं दिसतं म्हणून त्याच फुलाचं नाव त्याला मिळालं. पाणी असं निळं, की काठावर आलेला माणूस बोलता बोलता थांबे. मग त्याचा हात खिशात जाई. मनातली इच्छा मनातच बोलून तो एक नाणं पाण्यात सोडी.

वर्षं गेली. कुंडाचं तळाचं तोंड बुजत चाललं. खालून येणारं कढत पाणी कमी झालं. पूर्वी मधल्या पाण्यात रंगीत सूक्ष्मजीव तग धरत नसत. आता पाणी निवलं, तसा काठावरचा पिवळा-नारिंगी थर आत सरकू लागला.

1950 साली उद्यानाच्या माणसांनी कुंडातलं पाणी काढून पातळी खाली आणली. वरचा भार हलका झाला, तसं खालचं तापलेलं पाणी उसळलं आणि कुंडाच्या पोटात साठलेलं बाहेर पडू लागलं. बाटल्या निघाल्या, डबे निघाले, टॉवेल, मोजे आणि 76 रुमाल निघाले. आणि नाणी! नुसत्या एक सेंटच्या नाण्यांचेच 86 डॉलर 27 सेंट भरले. म्हणजे साडेआठ हजारांवर नाणी.

त्या ढिगाजवळ एक तरुण कामगार बसला होता. तेवढ्यात एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. मुलीच्या मुठीत एक सेंट होता.

"टाकू दे की तिला," गृहस्थ म्हणाले. "एवढ्याशा नाण्यानं काय होणार आहे?"

कामगार रागावला नाही. त्यानं मुलीपुढं हात केला, नाणं घेतलं आणि ढिगात टाकून ढीग हातानं सारखा केला.

"आता तुमचं नाणं तेवढं काढून घ्या," तो म्हणाला.

गृहस्थ वाकले. दोन-चार नाणी उलटीपालटी केली. मग तसेच उभे राहिले.

"बाबा, आपलं कुठलं?" मुलीनं विचारलं. त्यांना सांगता येईना.

त्या कुंडाचं वाईट चिंतणारं तिथं कुणीच आलं नव्हतं. जो तो त्याच्या निळाईवर लोभावला होता, आणि जो तो आपलं एकच नाणं टाकून घरी गेला होता. कुंडाला मात्र ती सगळी मिळून सोसावी लागली.

बापलेक त्या दिवशी काही न टाकता परतले. पण पुढेही लोक येत राहिले, टाकत राहिले, आणि निळाई मधोमध आक्रसत गेली. शेवटी उद्यानानं कुंडाजवळून जाणारा मोटाररस्ताच दूर नेला. आता ज्याला ते पाहायचं असेल, त्याला ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याकडून पायी जावं लागतं.