आधी उलटं करून बघ

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एक मामा जुनी हत्यारं विकायला बसत. पाने, पकडी, ग्राइंडर, ड्रिल मशिन, बंद पडलेल्या एखाद्या वर्कशॉपमधला व्हाइस, जे हाती लागेल ते ताडपत्रीवर मांडायचं आणि अंधार पडायच्या आत मोकळं व्हायचं. अडीचशेला घेतलेला पाना साडेतीनशेला गेला की मामा खूश. पुढच्या बुधवारी चारशे मिळतील म्हणून तो परत बांधून नेणं त्यांना कधी पटलं नाही. "माल घरी नेला की त्याला पोसावं लागतं," असं ते म्हणत.

त्यांचा भाचा त्यांच्याकडेच राहून बी.कॉम. झाला आणि खराडीतल्या एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागला. रविवारी तो मामांचा माल लावू लागे, बाकी वेळ डोळे मोबाइलमध्ये. इंटरनेटवरची नावं, म्हणजे डोमेन, स्वस्तात घ्यायची आणि चार पैसे चढवून विकायची, हा धंदा त्याने तिथेच पाहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये पेपरात बातमी आली होती. दिल्लीच्या एका तरुणाने 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' हे नाव कंपनीच्या आधीच नोंदवून ठेवलं होतं आणि त्या बदल्यात तो केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागत होता. भाच्याने बातमी तिथपर्यंतच वाचली. त्याला तेवढी पुरली.

त्याने एका आठवड्यात चाळीस नावं घेतली. ज्या ज्या शब्दाची तेव्हा हवा होती तो शब्द आणि पुढे 'पुणे', 'इंडिया' किंवा 'भारत'. पहिल्या वर्षाला सूट होती, त्यामुळे बावीस हजारांत काम झालं. मग तो गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. दहा महिन्यांत एकच विचारणा आली, तीही पाचशे रुपयांची. त्यानंतर आले ते नूतनीकरणाची आठवण करून देणारे मेल, आणि त्यात सूट नव्हती. .कॉमच्या नोंदवहीचा कारभार व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. सप्टेंबर 2024 पासून ती एका नावाचे वर्षाला 10.26 डॉलर घेऊ लागली होती. त्यावर विकणाऱ्या कंपनीचा नफा, त्यावर 18 टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी जे सोडतात ते दुसऱ्या वर्षी काढून घेतात. चाळीस नावं ठेवायची तर आणखी चव्वेचाळीस हजार लागणार होते.

मामांनी आकडा ऐकला आणि हातातल्या पान्यावरचा गंज घासत विचारलं, "ही नावं कोणी मागितली होती तुझ्याकडं?"

"मागतील असं वाटलं होतं."

"मीसुद्धा आधी असाच माल घ्यायचो. आता पाना उचलताना डोळ्यांसमोर गॅरेजवाला आणतो. तो दिसला नाही तर पाना खाली ठेवतो."

भाच्याने छत्तीस नावं मुदतीनंतर सोडून दिली. बावीस हजारांपैकी बहुतेक गेलेच. पण धंदा त्याने सोडला नाही, उलटा करून पाहिला. आता आधी गिऱ्हाईक, मग नाव.

नऱ्ह्यात कॉलेजं पुष्कळ, होस्टेलं पुष्कळ आणि त्यामुळे डबे देणाऱ्या बायकाही पुष्कळ. एका शनिवारी त्याने तिथल्या स्कूटरवर, विजेच्या खांबांवर चिकटवलेले नंबर उतरवून घेतले. मग 'नऱ्हे' आणि 'डबा' जोडून .इनमधलं एक नाव सहाशे रुपयांना नोंदवलं आणि फोन लावायला बसला. पहिल्या चौघींनी ठेवून दिला. पाचवी म्हणाली, "नाव छान आहे रे, पण मला काय कळतंय त्यातलं?"

तो संध्याकाळी तिच्या घरी गेला. ओट्यावर पोळ्या चालल्या होत्या. मोबाइल मुलीच्या हातात होता. नवीन नोंदलेलं नाव साठ दिवस एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत हलवता येत नाही, पण त्याच कंपनीतल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकता येतं. या धंद्यातली माणसं त्याला 'पुश' म्हणतात. त्याने मुलीला तिथेच खातं उघडायला लावलं, नाव ढकललं, मुलीच्या मोबाइलवर मेल आला. नाव टाइप केलं की सरळ आईचा व्हॉट्सअॅप उघडेल अशी सोयही करून दिली. सांगितले होते अडीच हजार, घासाघीस होऊन अठराशेला तुटलं. वर दोन पोळ्या आणि पिठलं.

"पुढच्या वर्षी किती भरायचे ते सांगितलंस त्या बाईला?" मामांनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो परत नऱ्ह्याला गेला आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर शेवटच्या पानाला तारीख आणि रक्कम लिहून आला. त्या बाईने पुढे आणखी दोघींना त्याचा नंबर दिला.

असं हळूहळू बसू लागलं. कोणाला क्लासचं नाव, कोणाला गाड्या धुण्याच्या दुकानाचं. हजार सुटायचे, कधी दीड हजार, कधी पेट्रोलपुरतेच. त्याच नादात तो सुटलेल्या नावांच्या याद्या बघू लागला. .कॉमचं नाव मुदत संपली म्हणून लगेच मोकळं होत नाही. आधी साधारण दीड महिन्यापर्यंत सवलतीचे दिवस, मग दंड भरून सोडवायचे तीस दिवस, मग पाच दिवस, आणि त्यानंतर ज्याने आधी उचललं त्याचं.

एका रात्री यादीत एक आडनाव दिसलं आणि पुढे 'भांडी'. रविवार पेठेतलं ते भांड्यांचं जुनं दुकान त्याला माहीत होतं. मामांच्या घरातला पितळी हंडा तिथलाच. मालकांचा मुलगा परदेशी जाण्याआधी वेबसाइट करून गेला असावा आणि आठवणीचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडत राहिले असावेत. भाच्याने 899 रुपये अधिक कर भरून नाव उचललं. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला फोन केला.

"दुकान एक ते चार बंद असतं," पलीकडून आवाज आला.

त्याने चारनंतर पुन्हा केला. "काका, तुमच्या दुकानाचं नाव माझ्याकडे आहे. पंधरा हजारांत देईन."

"ते आमचंच आहे की."

"होतं. मुदत संपली."

"मुदत संपली म्हणजे तुमचं झालं?"

"नियमाने झालं, काका."

काका क्षणभर थांबले. "बरं. काय ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा."

भाच्याला वाटलं, सौदा जमला. त्याने ऐटीत लिहिलं : नाव अमुक, किंमत पंधरा हजार, शुक्रवारपर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. रात्री उत्तर आलं ते काकांच्या पुतणीचं. ती शिवाजीनगर कोर्टात वकिली करत होती. दोनच ओळी होत्या. आपण सर्व काही लिहून दिल्याबद्दल आभार, आमचं काम सोपं झालं.

त्या रात्री भाच्याने उरलेलं वाचलं. जिओहॉटस्टारच्या बातमीचा पुढचा भागही वाचला. कंपनीने पैसे द्यायला नकार दिला होता आणि कोर्टाची भाषा केली होती. शेवटी ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. डोमेनच्या भांडणांसाठी 1999 मध्ये जगभरासाठी जी नियमावली झाली तीही त्याने पाहिली. नाव वाईट हेतूने घेतलं हे कशावरून ओळखायचं, याची त्यात यादी आहे. पहिलंच कलम त्याच्यासाठी लिहिल्यासारखं होतं. ज्याची नाममुद्रा आहे त्यालाच, खिशातून गेलेल्या खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्यासाठी नाव घेणं. म्हणजे त्याचा तो ऐटबाज मेसेजच पुरावा होता.

रविवारी बाजारात त्याने मामांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी काही लाखांत नाही मागितले. पंधराच हजार."

"किती मागितलेस ते नाही विचारलं मी," मामा म्हणाले. "कोणाकडं मागितलेस?"

भाचा गप्प झाला. मामांनी ताडपत्रीवरचं एक ड्रिल मशिन उचललं आणि उलटं केलं. मुठीच्या खाली प्लॅस्टिक घासून गुळगुळीत झालं होतं. मामांनी अंगठा फिरवला, नखाने मळ काढला आणि ते परत ठेवलं.

"हे का करतो, माहितेय? बऱ्याच वर्षांपूर्वी असंच एक मशिन सहाशेला घेतलं. हडपसरचा एक सुतार आला, उचललं, उलटं केलं. मुठीखाली तापल्या खिळ्यानं दोन अक्षरं काढलेली. त्याचीच होती. साइटवरून गेलं होतं. म्हणाला, मामा, किती द्यायचे? मी सातशे म्हणू शकलो असतो. त्यानं दिले असते, त्याचं रोजचं हत्यार ते. गरज माझ्या मालाची नव्हती रे, त्याच्या स्वतःच्या वस्तूची होती. फुकट दिलं. सहाशे बुडाले. तेव्हापासून कितीही स्वस्त मिळू दे, आधी उलटं करून बघतो कोणाचं नाव आहे का."

"पण मी चोरलं नव्हतं. सुटलेलं उचललं."

"मीही चोरलं नव्हतं."

सोमवारी चार वाजून गेल्यावर भाचा रविवार पेठेत गेला. काका गल्ल्यावर होते. बाजूला एक माणूस स्टीलच्या डब्यावर नाव घालत होता. मशिनची सुई थरथरत चालली होती आणि 'चि. सौ. कां.' नंतरचं नाव उमटत होतं. गल्ल्याजवळ बिलबुक होतं. प्रत्येक बिलाच्या तळाशी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'च्या खाली, निळ्या शाईत तेच वेबसाइटचं नाव छापलेलं होतं. बिल त्याच्याकडेही कधीतरी आलं असणार, त्याने उलटसुलट पाहिलं नव्हतं.

"नाव तुमच्या खात्यात टाकायला आलोय," तो म्हणाला. "पैसे नकोत."

काकांनी पुतणीला बोलावलं. ती आली, बसली, चहा मागवला. रागावली नव्हती, पण सोडलंही नाही. "1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर रेडिफचा खटला आला होता," ती म्हणाली. "समोरच्याने एक अक्षर बदलून 'रॅडिफ' घेतलं होतं. कोर्टाने मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, धंद्याची ओळख आहे, तिला नाममुद्रेइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे, असा त्याचा सूर होता. 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही, पण दुसऱ्याच्या नावावर स्वतःचा माल खपवू नये हे तत्त्व पुरतं. तू तर एक अक्षरही बदललं नव्हतंस."

"काका, माझं चुकलं."

काकांनी उत्तर दिलं नाही. गल्ला उघडून 1,061 रुपये मोजले. 899 आणि त्यावरचा कर. "खर्च घ्यायला हरकत नाही ना गं?" त्यांनी पुतणीला विचारलं.

"नाही. त्यावरचा रुपया घेतला असता तर प्रश्न होता."

"मग पावती दे," काका भाच्याला म्हणाले.

नाव ढकलून झालं, पावती झाली, चहा संपला. तो उठला तेव्हा काका पहिल्यांदा नीट बोलले. "भांड्यावर नाव घालायचे आम्ही पैसे घेत नाही. पण त्या कामाला बसलेल्या माणसाला पगार देतो. या ओळीत चार-पाच दुकानं आहेत, एकाचंही नाव नोंदलेलं नाही. उद्या तुझ्यासारखा कोणी उचलेल. त्यांच्या खात्यात, त्यांच्या मोबाइलवर नोंदवून दे आणि मजुरी माग. पाचशे मागितलेस तर कोणी नाही म्हणणार नाही. तीनशेला तुटेल."

तीनशेलाच तुटलं. पण पाच दुकानं झाली, मग त्या दुकानांचे नातेवाईक. विकण्याची नावंही तो घेत राहिला, परिसराचं नाव आणि कामाचं नाव जोडून, गिऱ्हाईक आधी बघून. घेण्यापूर्वी दोन गोष्टी करायचा. ते नाव कोणाच्या पाटीवर, बिलावर, पिशवीवर आहे का ते बघायचा, आणि नाममुद्रांच्या सरकारी नोंदणीत शोधायचा. कोणाचं निघालं तर घेत नसे, आणि माणूस ओळखीतला असला तर मुदत संपत आल्याचं फोन करून सांगे. अशा फोनचे पैसे मिळत नसत. काम मात्र बहुतेक त्यातूनच यायचं.

वर्षाच्या शेवटी त्याने हिशेब मांडला. चाळीस नावांचं नुकसान भरून निघालं होतं आणि वर अकरा हजार उरले होते. त्याने वही मामांपुढे धरली.

"पोट भरेल यावर?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग नोकरी सोडू नकोस. आणि हेही सोडू नकोस."

तात्पर्य : थोड्या नफ्यात काही वाईट नाही. पण ज्याला वस्तू हवी आहे त्याला ती शोधून देण्याचा मोबदला म्हणजे व्यापार, आणि ज्याची आहे त्यालाच ती परत देण्याची किंमत म्हणजे खंडणी. आकडा लहान असल्याने खंडणीचा व्यापार होत नाही.