पाहुणा आणि प्रेक्षक

दिवाळीच्या पहाटे आपल्या घरात उटण्याचा आणि सुवासिक तेलाचा दरवळ सुटतो. अभ्यंगस्नान चुकले तर सणच चुकला, असे आपण मानतो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, किनवट-माहूरच्या डोंगरांत, मात्र याच दिवसांत काही माणसे व्रत म्हणून स्नान वर्ज्य करतात. ती माणसे म्हणजे गोंडांच्या दंडारीतले घुसाडी. मस्तकी मोरपिसांचा भरगच्च टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हाती दंड! एकदा हा साज चढला की तो कालचा शेतकरी वा मजूर राहत नाही; त्याच्या ठायी देवत्व आले, अशी श्रद्धा आहे. टोप उतरेपर्यंत त्याने नियम पाळायचे असतात.

ही दंडार गावोगाव जाते. ज्या गावात ती जाईल, त्या गावाने तिचे स्वागत करायचे, तिला जेवू घालायचे. नाचणारे पाहुणे आणि पाहणारे यजमान, असे हे नाते असते. निव्वळ प्रेक्षक तेथे कोणीच नसतो.

1956 पूर्वी किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला आला. एका समाजाची मुले अलीकडे मराठी शाळेत आणि पलीकडे तेलुगू शाळेत जाऊ लागली. घरातली गोंडी आणि दिवाळीतला घुसाडी मात्र दोन्हीकडे राहिला. पलीकडच्या मारलवाईचे कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. 2024 मध्ये ते निवर्तले.

आज घुसाडी रंगमंचावरही येतो. यात काही वावगे आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्याला शहराने मागासलेला म्हणून हिणवले, त्याला चार लोकांत मान मिळाला, दोन पैसे मिळाले, तर त्याचे वाईट कोणी का वाटून घ्यावे? पण रंगमंच एक गोष्ट हिरावून घेतो. यजमानावर जबाबदारी असते. प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळा होतो. व्रताचे दिवस अर्ध्या तासात बसत नाहीत, आणि पंगत तर मुळीच बसत नाही.

मग आपण त्यांना सांगू लागतो, “तुमची अस्मिता जपा!” हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पोटासाठी दूर शहरात गेलेल्या तरुणाला दिवाळीत जेमतेम चार दिवसांची रजा मिळते. ती त्याने व्रतात घालवावी की म्हाताऱ्या आईजवळ बसण्यात, हे त्याचे त्याने ठरवावे. आपल्या करमणुकीसाठी जुनेपण सांभाळत बसण्याचा वसा त्याने घेतलेला नाही.

आपल्या हाती आहे ते एवढेच, की आपण प्रेक्षक राहायचे की यजमान व्हायचे. यजमान पाहुण्याचे नाव विचारतो, त्याची भाषा हसण्यावारी नेत नाही, त्याच्या श्रमाचे मोल करताना घासाघीस करीत नाही. नाच संपल्यावर तो त्याला मांडवामागे ताटकळत ठेवीत नाही. आपल्या शेजारी पान मांडून बसवतो. किनवटच्या डोंगरातल्या गरीब गावांना हा धर्म ठाऊक आहे. फराळाची ताटे वाढताना आपल्यालाही तो आठवला, तर कला टिकण्याची चिंता करण्याचा थोडाफार हक्क आपल्याला मिळेल.