पिल्लू मेलं तेव्हा

मे महिन्यात भाचा सुटीला चंद्रपूरला आला होता. बाहेर 46 अंशांचं ऊन, म्हणून दुपारभर तो कूलरसमोर बसून संगणकावर लांडगा व्हायचा. खेळाचं नाव 'वुल्फक्वेस्ट'. अमेरिकेतल्या मिनेसोटा प्राणिसंग्रहालयानं 2007 साली तो आणला. त्यातलं रान यलोस्टोनचं. जोडीदार शोधायचा, घर धरायचं, पिल्लं जगवायची. वासाची कळ दाबली की पडद्यावरचे रंग विझतात आणि फक्त वासाच्या रंगीत खुणा उरतात. एल्क हरणामागे धावायचं, त्याच्या लाथा खायच्या, कितीदा तरी उपाशी परतायचं. शिकार साधलीच तर पोटातून मांस आणून पिल्लांपुढे ओकायचं.

एका दुपारी तो गप्प बसलेला दिसला.

"मामा, पिल्लू मेलं."

"कशानं?"

"आजारी पडलं. मी तर रोज खायला आणत होतो."

डोळे भरले होते त्याचे. मी समजूत घातली नाही, कारण ते मरण खोटं नव्हतं. यलोस्टोनचे लांडगे माणसानं 1926 पर्यंत मारून संपवले. 1995 साली कॅनडातून 14 आणि पुढच्या वर्षी 17 आणून ते पुन्हा वसवले. इतक्या कष्टानं उभ्या राहिलेल्या त्या कळपांत 2005 साली डिस्टेंपर या रोगाची साथ शिरली आणि त्या वर्षीची निम्म्याहून अधिक पिल्लं गेली.

"आपल्या ताडोबात आहेत का लांडगे?" त्यानं विचारलं.

लांडगा उघड्या माळाचा. आपल्या सागा-बांबूच्या दाट रानात कळपानं शिकार करतो तो कोळसून, म्हणजे रानकुत्रा. ताडोबात मोहर्लीच्या बाजूला एकदा सकाळी मी ते पाहिलेत. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, वजन जेमतेम पंधरा-सोळा किलो. भुंकणं नाही, झाडोऱ्याआडून एकमेकांना शीळ घालतात. चितळ पडलं की आधी पिल्लं जेवतात, थोरले उभे राहून राखण करतात. लहानपणी मी ऐकलं होतं की कोळसून शेपूट मुतात भिजवून वाघाच्या डोळ्यांत मारतो आणि त्याला आंधळा करतो. शिकार जिवंत असतानाच खायला लागतो म्हणून त्याला क्रूर ठरवलं गेलं. इंग्रजांच्या राज्यात त्याला मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. पिल्लांना पहिला घास देणारा हा प्राणी आम्हाला कुणी दाखवलाच नाही. भाच्याला तो खेळानं दाखवला, लांडग्याच्या रूपात का होईना.

आज कोळसून जगभरातच धोक्यात आहे. बंदुकीची भीती कमी झाली, पण रोगाची आहे, आणि तो आपल्याच दारातून जातो. गावातलं मोकाट कुत्रं रानात शिरतं, कोळसुनांनी टाकलेल्या सांगाड्याला तोंड लावतं, त्याच नाल्यावर पाणी पितं. रेबीज, डिस्टेंपर, पार्वो, सगळे त्याच्यासोबत जातात. कोळसुनांची पिल्लं एकाच ठिकाणी दाटीनं वाढतात. एक आजारी पडलं की बाकीची वाचणं कठीण.

कोळसुनी बहुधा हिवाळ्यात वितात. ताडोबाच्या बफरमधल्या, चपराळ्याच्या, भामरागडच्या जंगलाकाठी राहणाऱ्यांनो, दिवाळीच्या आत दारच्या कुत्र्याला रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्वोची, दोन्ही लसी टोचून घ्या.